बापाच्या आवाजातला काउबॉय

गफूर सारंगच्या दुकानात मेलेली माणसं प्लास्टिकच्या पिशवीतून येतात.

जेद्द्याच्या अल अझीझिया भागात, एक शिंपी आणि एक मोबाइलवाला यांच्या मधोमध, दहा पावलांत संपणारं ते दुकान आहे. जुन्या व्हिडिओ कॅसेट नव्या करून मिळतील, एवढंच पाटीवर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं. कुणी घर बदलतं, कुणी बापाचं कपाट रिकामं करतं, आणि तळाशी सापडलेल्या कॅसेट गफूरकडे आणतं. गफूर डबी उघडतो, पट्टीवर चढलेली पांढरी बुरशी स्पिरिटनं पुसतो, तुटलेलं जोडतो, जुन्या व्हीसीआरवर लावतो आणि सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. मधल्या वेळात पडद्यावर माणसं येऊन जातात. पंगतीत बसतात, पोराला खांद्यावर घेतात, कॅमेऱ्याकडे बघून हसतात. त्यांतली अर्धी मातीत गेलेली असतात.

एकदा एक म्हातारी सौदी बाई आली होती. नवरा तीस वर्षांपूर्वी वारलेला. पडद्यावर तो खजूर खात होता. बिया हातात जमवत होता आणि टाकायच्या कुठे म्हणून इकडेतिकडे बघत होता. बाईनं नकळत आपला तळवा पुढे केला. मग भानावर येऊन म्हणाली, "खलास. बंद कर." पैसे ठेवून गेली, पेन ड्राइव्ह घेऊन गेली नाही. तो अजून गफूरच्या खणात आहे.

गफूर शेहेचाळीस वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. खोटं बोलायची वेळ आली की आधी घसा खाकरतो. त्याची बायको मेहरुन म्हणते, "अल्लानं यांना हॉर्न बसवून पाठवलाय. खाकरले की समजायचं, आता गाडी खोट्यावर येणार." मुलगी सहर अकरावीत. तिचे मित्रमैत्रिणी मॉलमधल्या थिएटरात जातात. सात-आठ वर्षांपूर्वी या देशात थिएटरं परत उघडली तेव्हा तिनं विचारलं होतं, "डॅड, तुम्ही का येत नाही कधी?" गफूर म्हणाला होता, "मला एकच पिक्चर बघायचाय, आणि तो तिथं लागणार नाही." तेव्हा तो खाकरला नव्हता.

हे खरं होतं. त्याचं सगळं आयुष्य त्या एका पिक्चरच्या मागे गेलं होतं.

*

दाभोळच्या खाडीकाठी त्यांचा मोहल्ला. घरटी एक माणूस सौदीला किंवा बोटीवर. त्या काळी गावात पत्रं कमी यायची, आवाज जास्त यायचे. येणाऱ्या माणसाच्या बॅगेत साबण, अत्तर, चादर आणि एक ऑडिओ कॅसेट असे. रात्री जेवणं आटपली की घरातले सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसत. गफूरचा बाप याकूब तिकडून बोले: "शरफुन, विहिरीचं पाणी कसं हाय?" आणि थांबे. उत्तराला पुरेल एवढी जागा तो रिकामी सोडे. त्या जागेत गफूरची आई शरफुन्निसा खरोखरच सांगे, "हाय चांगलं. जरा मचूळ झालंय." मग कॅसेटमधला याकूब म्हणे, "बरं, बरं." दर वेळी जुळून येई. लहान गफूरला वाटे, बाप ऐकतोय. त्या घरात सौदीहून आलेली कॅसेट म्हणजे बाप, याला दुसरा अर्थ नव्हता.

याकूब जेद्द्यात कॅसेटच्या दुकानात कामाला होता. त्याचं काम विचित्र. परदेशी पिक्चरच्या प्रती काढायच्या आणि बाईपुरुष एकमेकांजवळ आले की बटण दाबून तेवढा भाग वगळायचा. दिवसभर तो बोट बटणावर ठेवून मिठीची वाट बघत बसे. त्याचा धाकटा भाऊ अली त्याच दुकानाची गाडी चालवायचा. दोघं एका खोलीत राहायचे.

गफूर आठ वर्षांचा असताना खबर आली की याकूब गेला. छातीत कळ आली म्हणे. शुक्रवारी दुपारी. तिकडंच दफन झालं, कागदावर अलीनं सही केली. चाळीस दिवसांनी अली भावाची बॅग घेऊन गावी आला. बॅगेत, दोन सदऱ्यांच्या घडीत, एक व्हिडिओ कॅसेट होती. तिच्यावर बापाच्या अक्षरात लिहिलं होतं: गफूरसाठी.

मोठी माणसं ओटीवर बोलत बसलेली बघून पोरानं ती उचलली आणि मोहल्ल्यात एकाच घरी व्हीसीआर होता तिथं धावत नेली. याकूबची कॅसेट म्हटल्यावर बायका पदर सावरत खिडकीशी जमल्या. पडद्यावर वाळवंट आलं. एक गोरा माणूस घोड्यावरून घरी परतत होता, लढाईहून. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज याकूबचा आला, दाभोळच्या बोलीत: "आयलो रे, घरी आयलो." एका बाईनं किंकाळी फोडली. कुणी हललं नाही. घोडा बोलला असता तरी एवढी भीती वाटली नसती.

पुढचं गफूरच्या डोक्यात तुकड्यातुकड्यांनी राहिलं. काळ्या कोटातला एक इसम. एक बाई, खिडकीत. मग धुकं, धुक्यात क्रूस, आणि त्यांच्यामधून चालत येणारा एक मेलेला म्हातारा, डोळे पांढरे. त्यानं ओठ हलवले. बापाचा आवाज म्हणाला: "पोरा, ऐक. माझ्या सख्ख्या भावानं मला मारलं."

तेवढ्यात दारात अली उभा. अनवाणी, धापा टाकत. त्यानं कुणाकडे न बघता प्लग उपटला, कॅसेट काढली, काखेत मारली आणि गेला. काळ्या पडद्यात आठ वर्षांच्या पोराला स्वतःचं तोंड दिसलं.

विधवेनं पाळायच्या इद्दतचे चार महिने दहा दिवस सरले आणि जमातीच्या वडीलधाऱ्यांनी अलीचा शरफुन्निसाशी निकाह लावून दिला. घरातली बाई घरात राहिली, पोर उघड्यावर पडलं नाही, असं सगळे म्हणाले. अशी लग्नं त्यांच्यात होतातच, वाईट कुणी म्हणत नाही. फक्त खिडकीशी उभ्या असलेल्या बायका ते म्हणताना खाली बघत.

अली परत कधी सौदीला कामाला गेला नाही. गावातच होडी घेतली. गफूरला शिकवलं, त्याच्या तापात रात्री जागला, कधी हात उगारला नाही. आणि गफूरनं त्याला कधी बाबा म्हटलं नाही. चाचाच. कॅसेट अलीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली अलीच्या करगोट्याला.

*

विशीत गफूर जेद्द्याला आला. बापाची कबर शोधायला गेला तेव्हा कबरस्तानात नुसते दगड होते, रांगांमागून रांगा, एकावरही नाव नाही. तिथं नाव लिहीतच नाहीत. त्यानं एका रांगेपुढं उभं राहून फातेहा पढला आणि मग पुढच्या रांगेपुढंही, कारण कोणती ते माहीत नव्हतं.

कॅसेटच्या धंद्यात तो त्या पिक्चरसाठीच शिरला. धंद्याच्या नवव्या वर्षी कुणाच्या तरी पोत्यात सापडला: इटलीतल्या लोकांनी काढलेला काउबॉयचा पिक्चर, इंग्रजी आवाज, खाली अरबी अक्षरं. त्यानं शटर ओढून बघितला. लढाईहून मुलगा घरी येतो. बाप मेलेला. काकानं वाडी बळकावलेली आणि आईशी लग्न केलेलं. मेलेला बाप धुक्यातून येऊन खुनाचं सांगतो. शेवटी पुतण्या काकाला गोळी घालतो.

मग हे सगळं पिक्चरमधलंच होतं, बापानं फक्त आवाज दिला होता, हे त्याला कळलं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं उलट. दुकानात हजार पिक्चर असताना बापानं आपल्या पोरासाठी नेमका हाच का निवडला? आणि त्यात भ्यायचं काही नव्हतं तर चाचानं प्लग का उपटला? माणूस मरायच्या आधी सरळ सांगू शकत नाही ते दुसऱ्याच्या तोंडून सांगतो, असं त्याला वाटू लागलं. तो पिक्चर त्यानं किती वेळा बघितला याची मोजदाद नाही. दर वेळी धुक्यातला म्हातारा इंग्रजीत बोले आणि गफूरला दाभोळची बोली ऐकू येई.

*

गेल्या साली शरफुन्निसा वारली. गफूर गेला होता. कबरीच्या एका अंगाला तो उभा राहिला, दुसऱ्या अंगाला चाचा. मधे माती.

यंदा चाचाचा फोन आला. सत्तरीचा झालेला, साखरेनं डोळे गेलेले, माणसं सावलीसारखी दिसायची.

"गफूर, मक्क्याला येतोय, उमऱ्याला. मोहल्ल्यातल्या लोकांबरोबर."

"बरं."

"घरोघर फिरून आयलो. सगळ्यांनी माफ केलं. त्या बशीरच्या म्हातारीनंसुद्धा, जिच्या कोंबड्या आमच्या कुत्र्यानं खाल्ल्या." चाचा हसला, मग थांबला. मोठ्या प्रवासाआधी असं दारोदार जाऊन बोलल्याचालल्याची माफी मागायची त्यांच्यात रीत आहे. लोक दारातच "माफ, माफ" म्हणून टाकतात आणि चहा देतात. "एक तुझं दार राहिलं."

फोनमध्ये खाडीवरचा वारा ऐकू येत होता.

"इकडं आल्यावर बघू," गफूर म्हणाला.

"तू हो म्हटल्याशिवाय मी काब्यापुढं उभा राहणार नाय. तसाच माघारी फिरेन. आणि तुझी वस्तू घेऊन येतोय. ट्रंकेतली."

त्या दिवशी गफूरनं दोन ग्राहकांच्या कॅसेट एकमेकांच्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एका घरच्या लग्नात दुसऱ्या घरचे लोक नाचले.

*

मदिनेहून निघताना चाचानं यात्रेचा एहराम बांधला होता. सोबतच्यांनी त्याला रेल्वेत बसवलं, ते बसनं पुढं मक्क्याला गेले. गफूर जेद्द्याच्या स्टेशनवर उभा होता. सरकत्या जिन्यावरून दोन पांढऱ्या न शिवलेल्या कापडांत गुंडाळलेला, उजवा खांदा झाकलेला, डोकं उघडं असा एक म्हातारा खाली उतरत आला, पांढरट डोळे कुठंच न लावता. पिक्चरमधला, धुक्यातनं येणारा मेलेला म्हातारा तसाच दिसायचा.

"गफूर?" म्हातारा हवेत म्हणाला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

घरी, दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर, मेहरुननं तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण केलं होतं. "चाचा, अत्तराचा साबण नाही ठेवला हो मी. बिनवासाचा आहे. धुवा हात."

"शहाणी हायस," चाचा म्हणाला. एहरामात सुगंध चालत नाही, केस तोडायचा नाही, भांडायचं नाही, कुणाला मारायचं नाही. कालवणाच्या वासावर एक माशी त्याच्या कपाळावर बसली. तो तसाच बसून राहिला. सहरनं हात हलवून ती उडवली.

"दादा, यू कॅन शू इट, यू नो," ती म्हणाली. "उडाना अलाउड है."

"मारली गेली तर?" तो म्हणाला. "म्हाताऱ्याच्या हाताचा भरवसा नाय, बाय."

जेवण झाल्यावर त्यानं पिशवी पुढं केली. "खाली मशीन हाय ना? चल."

मेहरुनच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "एहरामात पिक्चर? तोबा करा. आधी उमरा तरी होऊ द्या."

"मला दिसतंय कुठं, मेहरुन? माझ्या भावाचा आवाज ऐकायचाय. तो हराम नाय."

*

दुपारची बाजारपेठ बंद होती. बाहेर ऊन इतकं पांढरं की रस्ता असल्याचं नुसतं मानायचं. गफूरनं शटर अर्धं खाली ओढलं, चाचाला खुर्चीत बसवलं. कॅसेट उघडली. अडतीस वर्षं ट्रंकेत असून पट्टीवर बुरशीचा ठिपका नव्हता. कुणीतरी ती दर पावसाळ्यानंतर काढून, पुसून, वाळवून परत ठेवली होती.

"तुम्ही ऐकलीत कधी?"

"आठेक वेळा. शरफुनबरोबर. तू बोर्डिंगात असायचास तेव्हा. ती ऐकताना उत्तरं द्यायची." चाचानं एहरामचं टोक गुडघ्यावर ओढलं. "पण शेवटापर्यंत नाय. एका जागी मी बंद करायचो."

गफूरनं कॅसेट आत ढकलली. यंत्रानं ती गिळली.

वाळवंट. घोडा. आणि बाप. "आयलो रे, घरी आयलो." गफूरनं टेबलाची कड धरली. आवाज त्याच्या आठवणीपेक्षा तरुण होता. आता तो बापाहून अकरा वर्षांनी मोठा होता.

मग काळ्या कोटातला काका पडद्यावर आला आणि बोलला, आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. पोरसवदा, हसू दाबलेला. "ये पुतण्या, ये. घर तुझंच हाय. फक्त आता माझं हाय."

मागे बाप खो खो हसत होता. "अरे, जरा दरारा आण की, अली. खुनी हायस तू."

"मला नाय जमत, भाई. घोड्याचं काम दे मला."

आणि खरंच पुढच्या दृश्यात घोडा अलीच्या आवाजात खिंकाळला.

गफूरनं मान वळवली. खुर्चीतला म्हातारा ओठांनी ते शब्द मुक्यानं म्हणत होता. पाठ होते.

हे गफूरला माहीत नव्हतं. दोघांनी मिळून आवाज दिला होता. व्हिडिओच्या पट्टीच्या कडेनं आवाजाची एक बारीक वाट असते. चित्राला धक्का न लावता तेवढीच वाट पुसून तिच्यावर दुसरं बोलता येतं. दुकानातल्या मशीनवर तशी सोय असणार. शुक्रवारची सुट्टी, माईक, दोन भाऊ, आणि गावातलं एक पोर ज्याला इंग्रजी कळत नाही. पिक्चरमध्ये आई आणि काका समोरासमोर आले की पट्टी उडी मारी आणि ती दोघं खोलीच्या दोन टोकांना असत. याकूबनं मिठ्या आधीच काढल्या होत्या. या प्रतीत त्या दोघांनी एकमेकांना कधी शिवलंच नव्हतं.

धुकं आलं. क्रूस. पांढऱ्या डोळ्यांचा म्हातारा.

"पोरा, ऐक. माझ्या सख्ख्या भावानं मला मारलं."

इथं प्लग निघाला होता. गफूर अडतीस वर्षं या जागी उभा होता. पट्टी पुढं सरकली.

"भाई, हे नको," कॅसेटमधला अली म्हणाला. हसू गेलं होतं. "पोर ऐकणार हाय. मोहल्ला ऐकणार हाय."

"पिक्चर हाय रे."

"तरी नको. पुस ते."

"थांब जरा. शेवट मी बदलणार हाय. गोळीबिळी नाय. बघच तू." मग खोकला. लांब, कोरडा. "हाच एक पिक्चर हाय ज्याच्यात पोरगा बापाला विसरत नाय. म्हणून घेतला. बाकी सगळ्यांत बायकांच्या मागं धावतात."

गफूर टेबलाला टेकला.

"माझं काम संपलं ना?" कॅसेटमधला अली. "फूलची उसळ आणि तमीज रोटी घेऊन येतो. भूक लागली."

"लवकर ये. शेवटाला काकासाठी तू हवास."

दार उघडल्याचा आवाज. दार लागल्याचा.

"बंद कर," खुर्चीतला अली म्हणाला.

गफूरनं बटण दाबलं. पडद्यावर चित्र थरथरत थांबलं.

"इथंच बंद करायचो. आता ऐक. तमीजवाल्याच्या शेजारी चहाचं दुकान होतं. टीव्हीवर फुटबॉल लागला होता. मी उभा राहिलो. पंधरा मिनिटं म्हणून, दीड तास. रोटी गार झाली म्हणून दुसरी घेतली." तो बोटांनी कापडाची कड चाचपत होता. "आयलो तर भाई भिंतीला टेकून. माईक मांडीत. मशीन फिरत होती. कॅसेट संपायला आली होती."

रस्त्यावरून एक गाडी गेली आणि शटरखालचा उजेड क्षणभर तुटला.

"त्या दिवशी प्लग काढला तो त्या वाक्यासाठी नाय. पुढं काय हाय ते मला ठाऊक नव्हतं म्हणून. बायकांच्या देखत, तुझ्या देखत तो मरताना ऐकू आला असता तर? पुसून टाकावी म्हटलं. दहा वेळा मशीनपाशी नेली. पण आवाज त्याचाच ना. जो मला खुनी म्हणतो तो आवाजसुद्धा त्याचाच." त्यानं डोळे गफूरच्या दिशेनं, जरा चुकून भिंतीकडं, लावले. "पुढचं मला ऐकवू नको. तू ऐक. आणि मला एकच सांग. त्यानं मला हाक मारली काय?"

गफूरनं कानाला हेडफोन लावला. बटण दाबलं.

काही मिनिटं बाप एकटाच सगळ्यांचं बोलत होता. आईचं बारीक आवाजात, शिपायाचं जाड आवाजात, गोळ्या तोंडानं. ठो. ठो. वाक्यं तोकडी होत गेली. मग म्हणाला, "थांब हां गफूर. जरा पाणी पितो." माईक कुठंतरी ठेवल्याचा धप्प आवाज. आणि मग नुसती खोली. खिडकीतल्या एसीची घरघर. दूर कुठंतरी गाडीचा हॉर्न, अडतीस वर्षांपूर्वीचा. त्याखाली श्वास. आत जाताना शीळ घातल्यासारखा.

पडद्यावर पिक्चर शेवटाकडे निघाला होता, मुका. माणसं धावत होती, घोडे पडत होते, काचा फुटत होत्या, आणि सगळ्याला एकच आवाज, त्या श्वासाचा. पुतण्यानं काकाला आवारात गाठलं. पिस्तूल उचललं. काकाचं तोंड उघडलं.

"अली," बाप म्हणाला.

काळ्या कोटातल्या माणसाच्या तोंडातून. अगदी जुळलं.

मग त्यानं जागा सोडली. उत्तराला पुरेल एवढी, ऑडिओ कॅसेटांत सोडायचा तेवढीच. गफूरला ती लांबी अंगानं ठाऊक होती. त्या जागेत एसी घरघरत राहिला.

"अली."

पुन्हा जागा.

"अली रे."

या वेळची जागा संपली नाही. श्वास एकदा आत गेला, शीळ वाजली, आणि एसीचा कॉम्प्रेसर खटकन चालू झाला. त्याच्या घरघरीखाली मग काही शोधून सापडेना. पडद्यावर पुतण्याच्या पिस्तुलातून धूर निघाला. काका धुळीत पडला. त्याचे ओठ अजून हलत होते.

गफूर उभाच होता. हाताच्या अंतरावर तो म्हातारा बसला होता, न शिवलेल्या कापडात, मान किंचित तिरपी करून, सगळं अंग कान करून. हेडफोनमधून बाहेर काही झिरपतंय का ते ऐकत. कपाळावर मघाची माशी परत येऊन बसली होती. तो तिला हात लावत नव्हता. आठव्या वर्षापासून गफूर या माणसाला काय म्हणायचं ते मनात घोळवत आला होता. आता एकच शब्द पुरे होता. हो. तेवढ्यावर तो माणूस मक्क्याच्या वाटेवरून मागं फिरला असता आणि गावी पोचेपर्यंत आतून संपला असता. खरंही तेच होतं.

त्यानं हेडफोन काढला. घसा खाकरला.

"नाही चाचा," तो म्हणाला. "पाणी पितो म्हणाला आणि पडला. झोप लागल्यासारखा. घोरत होता."

खाकरण्याचा आवाज त्या एवढ्याशा दुकानात अजून होता, जाणार कुठं. या पोराला चाचानं आठ वर्षांचा असल्यापासून वाढवलं होतं. शाळेच्या, तापाच्या, फुटलेल्या होडीच्या वल्ह्याच्या सगळ्या थापा त्यानं ऐकल्या होत्या.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "बरं, बरं."

यंत्रातली पट्टी टोकाला पोचून थांबली आणि आपोआप मागं फिरू लागली.

"आणि पिक्चरचा शेवट?" चाचानं विचारलं. "बदलणार होता म्हणाला."

"बदलला." या खेपेला गफूर खाकरला नाही. "पुतण्या पिस्तूल खाली टाकतो. काकाला घोड्यावर बसवतो. ऊन उतरल्यावर निघतात दोघं."

"घोडा काय म्हणतो?"

"घोड्याचं काम तुमच्याकडं होतं."

म्हाताऱ्याच्या छातीतून एक आवाज आला. हसणं होतं की दुसरं काही, गफूरनं बघितलं नाही. तो शटर वर ढकलत होता. बाहेरचा पांढरा रस्ता आत आला. मशिदीतून अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग सुरू झाली.

"यल्ला," गफूर म्हणाला आणि खाली वाकून म्हाताऱ्याच्या पायांत चपला सरकवल्या, आधी उजवी, मग डावी. "नमाज पढू आणि निघू. दिवस मावळता, मगरिबपर्यंत मक्का."

"माझं दार राहिलं अजून," चाचा म्हणाला.

"माफ," गफूर म्हणाला. "माफ, माफ."

नमाज पढून आल्यावर गाडीत बसवताना त्यानं पट्टा लावून दिला. चाचा यात्रेची लब्बैकची दुआ पुटपुटू लागला होता, अर्धं आतल्या आत. दुकानात, उघड्या शटरमागं, मशीनमधली कॅसेट पूर्ण मागं गुंडाळली जाऊन पुन्हा पहिल्या खुणेवर थांबली होती. गफूर ती काढायला परत आला तेव्हा टीव्ही चालूच होता. निळ्या पडद्यावर काही नव्हतं. त्यानं कॅसेट डबीत घातली, बापाच्या अक्षरावर अंगठा ठेवला, खण उघडला आणि त्या सौदी बाईनं मागं ठेवलेल्या पेन ड्राइव्हशेजारी ती ठेवून दिली.

मग जरा थांबला. उत्तराला पुरेल एवढा.

"बाबा, मी घेऊन जातो त्याला," तो म्हणाला, आणि दिवा बंद केला.